तिच्या चार ओळी

वीस-बावीस वर्षं मी ज्या चार गाण्यांच्या शोधात हिंडलो, ती चारही गाणी त्या सगळ्या काळात माझ्याच दुकानात, टेबलाच्या खालच्या खणात पडून होती. हे त्या काळात बायकोखेरीज मी कुणाला सांगितलं नाही. नांदेडपासून हैदराबादपर्यंतचे जुन्या तबकड्या विकणारे मला 'न लागलेल्या तमीळ सिनेमाची गाणी मागणारा लातूरवाला' म्हणून ओळखायचे. माणूस दर्दी आहे असं त्यांना वाटायचं आणि मी ते वाटू द्यायचो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे. सगळं आलं, पाऊस तेवढा आला नाही. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. लोक कागदावर गाण्यांची यादी लिहून आणायचे आणि मी दोन डेक जोडून कोऱ्या कॅसेटीत ती गाणी उतरवून द्यायचो. वडिलांची अडत होती. लिंगायत व्यापाऱ्याच्या पोरानं तूर-हरभरा सोडून फिती गुंडाळत बसावं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. "त्येचं वजन तरी करता येतंय का?" असं ते आल्यागेल्यासमोर विचारायचे. मी चिडायचो. माझा स्वभाव तेव्हाही तापट होता आणि कानाला माझ्या तोडीचा माणूस जिल्ह्यात नाही अशी माझी खात्री होती.

विहिरी आटल्या तशा बोअरच्या गाड्या आल्या. सगळ्या तमीळनाडूच्या, तिरुचेनगोडे नावाच्या गावच्या. एक गाडी यंत्राची, तिच्यामागं दुसरी पाइपांची. ज्या रानात मशीन लागायचं तिथं पांढऱ्या दगडी भुकटीचा ढीग पडायचा आणि मशीनवरची माणसं भुवयांपर्यंत पांढरी व्हायची. त्यांतलाच एक जण एका दुपारी दुकानात आला. चाळिशीचा, लुंगी नेसलेला, कानाच्या पाळ्यांत भुकटी. मशीन चालवणारा तोच होता. त्यानं कापडात गुंडाळलेली एक कॅसेट काढून टेबलावर अशी ठेवली, की मी आधी हात पुसले आणि मगच ती उचलली.

"एक कॉपी बनाओ, भाई," तो म्हणाला. "गाडी का टेप इसको खाता है. ये दुनिया में एकीच है."

एकीच का, ते कॅसेट उतरता उतरता कळलं. कॅसेट उतरवायला ती जेवढी असेल तेवढा वेळ लागतोच, तेवढा वेळ तो समोरच्या स्टुलावर बसून राहिला. सिनेमा अर्धा होऊन बंद पडला होता. हिरोचं आणि निर्मात्याचं बिनसलं आणि रिळांचे डबे कुलपात गेले. गाणी तेवढी आधी झाली होती. त्याची बायको लग्नाआधी मद्रासला कोरसमध्ये गायची. तिसऱ्या गाण्यात संगीतकारानं तिला चार ओळी एकटीला दिल्या होत्या. स्टुडिओतल्या कुणी ओळखीच्यानं तिला ही कॅसेट करून दिली होती. लग्नानंतर ती माइकसमोर कधी उभी राहिली नाही. हा वर्षातले दहा महिने आमच्यासारख्यांच्या गावी दगड फोडत हिंडणार, आणि गाडीत तिच्या चार ओळी ऐकणार.

तिसरं गाणं लागलं तसं त्यानं टेबलावर बोट ठेवलं. "अब्बी. ये. ये मेरा घरवाली."

मला तमीळचं अक्षर कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण त्या बाईचा आवाज कानावर पडला आणि मी यादीवर काहीतरी लिहीत होतो ते थांबलो. आवाज फार मोठा नव्हता. पाटावर बसून निवांत बोलावं तशी ती गात होती, आणि चौथ्या ओळीच्या शेवटी एका स्वरावर जरा रेंगाळून खाली उतरत होती. हे मला पाहिजे, एवढं एकच माझ्या मनात आलं.

त्याच्या ते लक्षात आलं असावं. तो म्हणाला, तू तुझ्याकडं कॉपी ठेवू नकोस. घरातल्या बाईचा आवाज आहे, बाजारात गेलेला मला चालणार नाही. माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट करून त्यानं विचारलं, "ये तुम्हारा सामी है ना? इसका कसम?" मी डबी मुठीत धरली आणि इष्टलिंगाची शपथ घेतली. मग चहा सांगितला आणि म्हणालो, कॅसेट साफ करून देतो, संध्याकाळी या.

तो गेल्यावर मी दोन्ही कॅसेटींचे पाच-पाच स्क्रू काढले. त्याची फीत जपानी होती, मी कॉपी उतरवलेली माझी दिल्लीची, स्वस्तातली. त्याच्या कॅसेटीत मी माझी फीत घातली आणि माझ्या कॅसेटीत त्याची. आमच्या धंद्यात हे काम पाच मिनिटांचं. वरून काही कळत नाही, त्याच्या बायकोच्या अक्षरातलं लेबल जिथल्या तिथं होतं. मग त्या स्वस्त फितीवरूनच अजून एक कॉपी काढून त्याला दिली. संध्याकाळी तो दोन्ही कॅसेटी त्याच कापडात गुंडाळून घेऊन गेला. जाताना त्यानं मला नमस्कार केला.

मी स्वतःची समजूत घातली होती ती आता सांगायलाही लाज वाटते. कॉपी ठेवणार नाही, अशी शपथ घेतली होती ना? मग कॉपी कुठं ठेवली, ठेवलं ते अस्सलच. त्या वयात ही हुशारी मला फार आवडली होती.

दुसऱ्या वर्षीही पावसानं दडी मारली. गाड्या पुन्हा आल्या, आणि एके दिवशी तो पुन्हा दारात उभा राहिला. मशीन मुरुडला लागलं होतं. तो वाळला होता. त्यानं तेच कापड सोडलं. एक कॅसेट गाडीच्या टेपनं खाऊन टाकली होती, दुसरीतला आवाज पार बसला होता. "जपानी फीत इतनी जल्दी कैसे गया, समझा नहीं," तो म्हणाला. त्यात संशय नव्हता, नुसतं नवल होतं. मग जरासा हसून त्यानं विचारलं, "तुम दुकानवाला लोग एक रखता है. रखा क्या?"

माझा गुडघा टेबलाखालच्या त्या खणाला टेकला होता. हो म्हणालो असतो तर शपथ मोडल्याचं कबूल करावं लागलं असतं, कॅसेट त्याच्या हातात दिली असती तर ती जपानी फीत त्यानं पहिल्या नजरेत ओळखली असती. मी डबीला हात लावला आणि म्हणालो, "नाही. कसम घेतली होती ना."

त्यानं मान डोलावली. माझं बोलणं ऐकून त्याला बरंही वाटलं, हे मला स्पष्ट दिसलं. "अच्छा आदमी," तो म्हणाला. चहा प्याला, कापड घडी करून खिशात ठेवलं आणि पायरी उतरताना वळून म्हणाला, "वो गया, भाई. चार महिना हुआ. बेटी छोटा है. माँ का आवाज सुनाने का था."

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. पायरीपासून रस्त्याच्या वळणापर्यंत चाळीस पावलं असतील. तो वळेपर्यंत मी बघत राहिलो. आधी खोटं बोललो ते हावेपोटी, आणि आता गप्प बसलो ते घाबरून. मला स्वतःची जेवढी किळस त्या दुपारी आली तेवढी पुढं कधी आली नाही.

तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, कॅसेट पिशवीत घातली आणि मुरुडची एसटी धरली. बोअरची गाडी तिथून लोह्याला गेली होती. लोह्याला बोअर ठरवून देणारा एजंट चहाच्या टपरीवर भेटला. "लई उशीर केलाव. उमरीकडं गेली की परवाच," तो म्हणाला. रात्र नांदेडच्या स्टँडवर काढून सकाळी उमरीला गेलो. गावाबाहेर पांढरा ढीग दिसला, अजून ओला होता. शेताचा मालक त्यावर उभा राहून नव्या बोअरच्या तोंडाला पोतं बांधत होता.

"पाणी लागलं का?" मी विचारलं.

"लागलं की. दोन इंच हाय. पर गाडी न्हाई आता, पहाटीच गेली. आंध्रात जाऊन राहिले म्हनं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मी शोधलं, तो सापडला नाही, आता माझ्या हातात काही नाही, असं म्हणत परतीच्या गाडीत मी गाढ झोपलो.

वास्तविक त्याच्या गावाचं नाव गाडीवर हातभर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मी दोनदा वाचलं होतं. तिथल्या चार बोअरवाल्यांकडं त्याची चौकशी करणारं एक पत्र टाकलं असतं तर कॅसेट त्याच्या दारात पोचली असती. मी दरवर्षी पाकीट आणायचो, आणि पत्रात काय लिहावं इथं अडायचो. मग मला एक युक्ती सुचली. या गाण्यांची दुसरी कॉपी कुठंतरी असणारच. ती मिळाली की त्याला पाठवायची आणि लिहायचं, बघा, तुमच्यासाठी शोधून काढली. म्हणजे तिचा आवाज लेकीला मिळेल आणि माझी शपथही शाबूत राहील. खणातल्या फितीचीच कॉपी काढून पाठवली तर मात्र शपथ खरोखर मोडेल, असं मी स्वतःला बजावायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मी त्या चांदण्यात वीस वर्षं गाणी शोधली.

नांदेडला वजिराबादेत एक म्हातारा जुन्या तबकड्या विकायचा. हैदराबादचा माल त्याच्याकडं यायचा. मी त्याला चाल गुणगुणून दाखवली. त्यानं डोळे मिटून सगळी ऐकली आणि म्हणाला, "लई सुरात म्हणता. पण सिनेमा लागला न्हाई म्हणता, तबकडी निघाली न्हाई म्हणता. मग तुम्ही कुठं ऐकलं हो?"

"एका ट्रकमध्ये," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि माझ्याकडं बघत राहिला. त्या 'हाव'नंतर मी दोन वर्षं नांदेडला फिरकलो नाही.

दुकानाचं रोज शटर उघडलं की मी आधी तिसरं गाणं लावायचो. पूर्ण नाही. फीत तिच्या ओळींपर्यंत न्यायची, ऐकायच्या, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायच्या. बायकोला लग्नानंतर वर्षभरात सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोचा आवाज खणात कोंडून काय मिळतंय तुम्हाला? द्या की पाठवून." मी तिच्यावरच ओरडलो. ती खरं बोलली की मी ओरडायचो.

पुढं कॅसेटींचा जमाना गेला. दुकानात आधी झेरॉक्स आलं, मग मोबाइलचं रिचार्ज. मुलीला माझं 'तमीळ वेड' माहीत होतं. तिनं तमीळ जुन्या गाण्यांच्या कुठल्याशा गटावर माझ्या वतीनं चौकशी टाकली, आणि आठवड्यानं चेन्नईहून एका संग्राहकाचा फोन आला. म्हातारे गृहस्थ, हिंदी मोडकं, पण आवाजात कमालीचं मार्दव. म्हणाले, या सिनेमाची गाणी माझ्याकडं नाहीत, कुणाकडंच नाहीत. पण नवल बघा, आजवर ती दोघांनीच मागितली. एक तुम्ही आणि एक तिरुचेनगोडेचा बोअरवाला. तो बरीच वर्षं फोन करायचा, हल्ली करत नाही.

मी फोन घट्ट धरला.

ते पुढं म्हणाले, त्यानं मला सांगितलं होतं की तुमच्या भागातल्या एका दुकानात ही कॅसेट उतरवली होती. मी त्याला म्हणालो, मग त्या दुकानदाराला गाठ, ते लोक एक कॉपी ठेवतातच. तर तो माझ्यावर रागावला. म्हणाला, तो माणूस तसला नाही. त्यानं गळ्यातल्या देवाची शपथ घेतली होती.

मी त्यांच्याकडून पत्ता लिहून घेतला. आकडे दोनदा विचारले.

त्याच दुपारी माळ्यावरून जुना डेक काढला आणि कॅसेट लावली. बरीच वर्षं लावली नव्हती. पहिलं गाणं स्वच्छ लागलं, दुसरंही. जपानी फीत ती, उगाच नाही मी चोरली. तिसरं सुरू झालं, वाद्यं आली, कोरस आला, आणि तिची जागा आली तसा नुसता खरखराट झाला. मग पाण्याखालून यावा तसा काहीतरी आवाज, आणि पुन्हा कोरस. फीत बाहेर ओढून बघितली. बरोबर तेवढाच तुकडा चुरगळून पांढरट झाला होता. त्याच जागी थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा लावायची, असं मी हजारदा केलं होतं. मुलगी कॅसेट पुण्याला घेऊन गेली, तिथल्या माणसानं जमेल तेवढं साफ केलं. बाकी सगळं वाचलं. त्या चार ओळी नाही वाचल्या.

मी कॅसेट तशीच पाठवली. सोबत हिंदीत पत्र लिहिलं. स्क्रूचं लिहिलं, शपथेचं लिहिलं, खणाला टेकलेल्या गुडघ्याचंही लिहिलं. माफी मागितली नाही, कारण मागायला तोंड नव्हतं. पंधरा दिवसांनी टपालाची पोचपावती परत आली. तिच्यावर तमीळमध्ये सही आहे. बापाची आहे की लेकीची, मला वाचता येत नाही. पत्र काही आलं नाही.

त्या ओळी मला अजून पाठ आहेत. शेवटच्या स्वरावर ती कशी रेंगाळायची तेसुद्धा. आता जगात त्या फक्त माझ्या तोंडात उरल्या आहेत, आणि मला तमीळ येत नाही.