चाळीत वाचलेला चंद्र

नायगावच्या बीडीडी चाळीत भिवा एकदा पुस्तकात शिरला, की त्याला जेवणासाठी बाहेर ओढून काढणं ही त्याच्या आईची, सुंदराबाईची, रोजची कसरत. गिरणीच्या सूतखात्यातून सुटला की अंगावरचा कापूस झटकत स्वारी थेट वाचनालयात. वेड एकाच प्रकारच्या पुस्तकांचं. चंद्रावर जाणारी यानं, समुद्राच्या पोटात धावणाऱ्या बोटी, माणसासारखी बोलणारी यंत्रं! भुताखेतांच्या गोष्टी त्याला पोरकट वाटत आणि राजाराण्यांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

चंद्रावरच्या स्वारीचं एक पुस्तक वाचताना तो ताडकन उभाच राहिला. यानात पाण्याची एकच टाकी होती आणि सगळे तिच्यातूनच पाणी पीत होते. कुणी कुणाची जात विचारली नव्हती! लेखकाला त्याचं काही विशेषही वाटलं नव्हतं. एका ओळीत सांगून गडी पुढे गेला होता. भिवाच्या खात्यात तर अगदी कालपरवापर्यंत त्याच्या जातीच्या माणसांसाठी वेगळा माठ होता. असं जग कुणाला सुचू शकतं, तर ते घडूही शकेल! एवढी मोठी गोष्ट एकट्यानं पोटात ठेवणं त्याला जमेना.

श्रावण लागला होता, धम्मदीक्षेनंतरचा पहिलाच. देव गेले, पोथ्या गेल्या. श्रावणात संध्याकाळी गॅलरीत जमून पोथी ऐकत बसायची सवय तेवढी मागे राहिली होती. भिवानं तिथंच सतरंजी टाकली आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिल्या दिवशी चार टाळकी होती, आठवडाभरात जिन्यापर्यंत माणसं!

दौलत मात्र खवळला. हा मजल्यावरचा पुढारी. घराघरांतल्या पोथ्या त्यानंच बाहेर काढलेल्या, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात घोषणा द्यायलाही हाच पुढे.

"भिवा, म्हाताऱ्या पदर घेऊन बसतात, बघतोस ना? एक पोथी घालवली ती दुसरी आणायला काय? इथं नारळ नाहीतर परसाद दिसला, त्या दिवशी तुझं वाचन बंद!"

त्याचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भिवा रोज धास्तावून आईकडे बघे. डोक्यावर पदर, मांडीवर जोडलेले हात. प्रकरणाला ती अध्याय म्हणे आणि तो अर्धा सोडू देत नसे.

"मानसं वर लटकत ठिवून उठतूस व्हय रं?"

शेवटच्या संध्याकाळी यान सुखरूप पृथ्वीवर उतरलं आणि गॅलरीत एकच टाळ्या पडल्या. तेवढ्यात सुंदराबाई घरात गेली आणि पदराखाली काहीतरी झाकून बाहेर आली. संपलं आपलं वाचन!

दौलत उठलाच. "मावशी, परसाद आणलास?"

"परसाद कशाचा?" तिनं पदर बाजूला केला. वाटीत दही होतं. "पोथीतलं समदं कवाच होऊन गेल्यालं असायचं. आपुन निस्ते हात जोडायचे. ह्ये अजून व्हायचं हाय. कामाला निघनाऱ्याच्या हातावर दही ठिवत न्हाईत व्हय?"

आणि तिनं भिवाच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. भिवानं ते हसत चाटून घेतलं.

दौलत घुटमळला. मग त्यानंही हात पुढे केला.

"मलाबी घाल, मावशी. उद्या मोर्चा हाय."