नंदाची मान आणि नंदाचा अंगठा

मॅडमनी विचारलं, "नंदाबाई, हे कबूल आहे का?" आणि नंदानं मान हलवली. वरखाली, चांगली जोरात.

"पाहा मॅडम," तिचा भाऊ गजानन म्हणाला. "म्हनलं होतं ना मी? तिले सारं समजते."

मॅडम म्हणजे दुय्यम निबंधक. जमिनीचे कागद ज्यांच्या टेबलावर पक्के होतात, त्या ऑफिसर. तालुक्याचं नाव सांगत नाही, त्या लोकांना तिथेच राहायचं आहे. नंदाला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणं आलं नाही. शाळा तिनं पाहिलीच नाही. चाळिशीची बाई. आधी दुसऱ्या कोणाच्या अशाच एका कागदावरून वाद झाला होता, म्हणून मॅडमनी या वेळी दुभाषी पाहिजेच असं सांगितलं. तो दुभाषी म्हणजे मी. पुसदहून एसटीनं आले होते.

दुभाषी म्हटलं की लोकांना वाटतं काही मोठं शिक्षण असेल. नाही हो. मी वसतिगृहात पोळ्या लाटत होते. ऐकू न येणाऱ्या लेकरांचं वसतिगृह. ती हातांनी बोलायची. वरणात मीठ कमी पडलं की सगळे हात माझ्याकडे! मग शिकणार नाही तर काय करणार? रिटायर झाले आणि ऑफिसातून बोलावणी यायला लागली, कारण आपल्याकडे ही भाषा येणारे फार नाहीत. मग यवतमाळला एक ट्रेनिंग झालं. शिकवणारी पोरगी व्हीलचेअरवर होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, "जिचं काम आहे तिलाच विचारायचं, सोबतच्याला नाही. घरच्या माणसाला दुभाषी करायचं नाही. आणि एकदा समजलं की ती जे ठरवेल ते ठरवेल. तुम्हाला पटलं नाही तरी." मी मनात म्हटलं, एवढंच? यात काय अवघड आहे?

तर कागद होता हक्कसोडीचा. बाप गेला की कायद्यानं शेतीत पोराइतकाच पोरीचा वाटा. पण आपल्याकडे बहिणी तो भावाला सोडून देतात आणि तसं लिहून देतात. ते हक्कसोड. कोणी जबरदस्ती करत नाही. रीतच आहे. बहीण सही करते, भाऊ लुगडं घेतो, माहेर शाबूत राहतं.

मी मॅडमना म्हटलं, "मी एक विचारू का तिला?"

मी नंदाकडे वळले. हातानं सोंड केली, मोठे कान केले. मग तिच्याकडे बोट, मग घास. तू आज हत्ती खाल्ला का?

नंदानं मान हलवली. वरखाली, तशीच जोरात.

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

"याचा अर्थ काय, मावशी?"

"अर्थ असा की सगळे तिच्याकडे पाहून राहिले की ती मान हलवते. मान हलवली की लोक तिचा पिच्छा सोडतात. जन्मभर हेच शिकली ती."

बाहेरच्या टपरीवर ज्यानं कागद लिहिला होता तो अर्जनवीस दारात उभा होता. तो म्हणाला, "मावशी, तुमचं हे हत्ती-घोडे लवकर आटपा जरा. सर्व्हर चालू हाये तवरच आपलं राज्य."

मॅडमनी त्याला गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "बाहेर बसा. समजावून सांगा. घरचं कोणी सोबत नको."

"काहून?" गजानन म्हणाला. "माही बहीण हाये. मीच तिले जेऊ घालतो ना? ह्या बाईनं आज पाह्यली तिले!"

तो खोटं बोलत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. नंदा धड नेसलेली होती, केसांना तेल होतं. त्याची बायको सुनीता, तीही सोबत आली होती, एसटीत स्वतः उभी राहून नंदाला बसायला जागा द्यायची म्हणे. मला वाईट माणसं भेटली असती तर बरं झालं असतं.

आम्ही कडुनिंबाखाली बसलो. नंदाला माझ्या वसतिगृहातल्या खुणा येत नव्हत्या. तिच्या खुणा घरच्या होत्या, तिनंच केलेल्या. त्या आधी मला शिकाव्या लागल्या. ओठावर दोन बोटं म्हणजे मिशी, म्हणजे गजानन. नाकाला चिमूट म्हणजे नथ, म्हणजे सुनीता. कमरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी बोंडातला कापूस त्यात टाकायचा, म्हणजे शेत. ही खूण करताना तिचे हात इतके भरभर चालायचे की मलाच दम लागला.

मी काडीनं मातीत शेत काढलं. विहीर काढली. नंदानं माझ्या हातातली काडी घेतली, माझी विहीर पुसली आणि दुसऱ्या कोपऱ्यात काढली. मग बांधावरचं बोरीचं झाड काढलं. मला हसू आलं. तीही हसली.

मी मधून रेघ मारली. इकडचं मिशीवाल्याचं. तिकडचं तुझं.

ती माझ्याकडे बघत राहिली. स्वतःच्या छातीला बोट लावलं. माझं?

तुझं. बाप मेला, त्यानं मागे ठेवलेलं.

तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिला वाटलं होतं पेन्शनच्या कामासाठी आणलंय. अंगठा मागतात, फोटो काढतात, तसंच हे. बिचारीला आपला वाटा आहे हे कळलं आणि तो जाणार आहे हेही कळलं, एकाच बैठकीत. मी अंगठा टेकवायची खूण केली आणि मधली रेघ पुसली. अंगठा दिला की सगळं मिशीवाल्याचं.

तिनं पुसलेल्या रेघेच्या जागी बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, अंगठा नाही दिला तर?

आता इथे माझं ट्रेनिंग संपलं होतं. मी खरं ते सांगितलं. नाही दिला तर तुझं तुझ्याजवळ राहील. तो चिडेल. कोर्टात जाता येतं, पण फार वेळ लागतो.

तिनं दोन्ही हातांचं छप्पर केलं. मिशी. मग दार लावून घेतलं, धाडकन. हात गालाखाली घेतला. मी झोपू कुठे?

यवतमाळला बायकांसाठी राहायची सोय आहे, तिथली एक ओळखीची बाई होती. मी तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, ठेवून घेईन हो थोडे दिवस. पण इथे तिच्याशी बोलणार कोण? आणि मग पुढे?" तिचंही खरं होतं. मी तेही नंदाला सांगितलं, थोडे दिवस. ती पुढे काय, म्हणून हात पसरून राहिली.

मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि छप्पर केलं. तुझ्याकडे?

मी सांगितलं, माझ्या डोक्यावरचं छप्पर लेकाचं आहे. मग मी माझ्या वरच्या ओठावर बोटं ठेवली, कमरेला ओटी बांधली, अंगठा टेकवला. माझे पण भाऊ आहेत. मी पण देऊन टाकलं. मला तर बोलता येत होतं.

नंदानं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मी तिला धीर द्यायचा, तर तिनंच मला दिला! आणि उठली.

आत मॅडमनी पुन्हा विचारलं. या वेळी नंदानं मान हलवली नाही. तिनं हातांनी सांगितलं आणि मी ते मोठ्यानं म्हटलं, "शेत भावाला देते. मरेपर्यंत मला त्या घरात राहू द्या. जेऊ घाला."

मॅडम अर्जनवीसाकडे वळल्या. "ही अट कागदात घाला."

"मंग कागद नवीन टाइप करा लागते. आज नंबर गेला. पुढच्या हप्त्यात या."

गजाननचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मॅडम, हे कागदावर ल्याहाची गोष्ट हाये काय? माह्या मायनं मरताना तिचा हात माह्या हातात देल्ला. अन् आता गावात म्हनतीन, गजानननं बहिणीले जेऊ घालाचा स्टॅम्प करून देल्ला! राहू द्या. कायी नाही कराचं. चाल नंदे!"

शब्द तिला ऐकू गेले नाहीत. चेहरा दिसला. ती एवढी झपकन पुढे झाली की खुर्ची पडली. टेबलावर अंगठ्याचं मशीन होतं, त्यावर तिनं अंगठा दाबला. मशीन अजून चालूही केलं नव्हतं. ती दाबतच राहिली.

सुनीता भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

मॅडमनी नंदाला पाणी दिलं. मला म्हणाल्या, "विचारा, अटीचा कागद करायचा असेल तर पुढच्या आठवड्यात मी स्वतः पाहीन."

मी विचारलं. नंदानं माझे हात धरले आणि खाली दाबले. म्हणजे गप्प बस.

"मावशी, तिला समजलंय का?"

"समजलंय, मॅडम. सगळं समजलंय."

"स्वखुशीनं देतेय?"

"ते तुम्हीच पाहा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. "तिला समजलेलं आहे आणि ती द्यायला तयार आहे. मी नाही म्हणायला मला काहीतरी कारण लागतं."

कागद झाला, आधीचाच, अटीशिवाय. दुभाषी म्हणून माझी सही झाली. जाताना गजानननं मला चहा विचारला, मनापासून.

पुढे मी त्या ट्रेनिंगवाल्या पोरीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, नुसती मान हलवून कागद झाला असता तर तो उद्या कोर्टात मोडता आला असता. तिला कळलंच नाही असं म्हणता आलं असतं. आता कोण मोडेल? तुम्ही नीट समजावून सांगितलंय."

नंदा मला परवा पुसदच्या बाजारात दिसली, सुनीतासोबत. अंगानं बरी होती. मी लांबूनच ओटी बांधायची खूण केली, कापूस कसा आहे म्हणून. तिनं मला पाहिलं आणि मान हलवली. वरखाली, चांगली जोरात.

अजून बोलावणी येतात. मी आधी फोनवरच विचारते, बाई नाही म्हणाली तर त्या रात्री ती झोपणार कुठे? ते म्हणतात, चौकशी करून सांगतो. मग त्यांचा फोन येत नाही.