मुरमाड माळाचा वाटा

आमच्या घरच्या जमिनीच्या चार प्रती होत्या आणि त्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक होत्या. ओढ्याकाठची काळी. ती उन्हाळ्यात अशी फाटायची की भेगेत काठी गेली तर परत हाताला लागत नसे. तिच्यावर तांबूळ, म्हणजे तांबडी, मध्यम जमीन. त्याच्यावर बरड, म्हणजे हलकी, खड्यांची, बाजरीपुरती जमीन. आणि सगळ्यांच्या वर माळ. माळ म्हणजे टेकडीचा मुरमाड उतार. त्याला शेत कुणी म्हणत नव्हतं.

माळावरची माती मला पायांनी माहीत होती, कारण आमच्या गाया मी तिथं चारायची. वरच्या अंगाला माती बोटभर. तांबूस, भुकटीसारखी, निम्मी माती आणि निम्मे हरभऱ्याएवढे खडे. भिजली तरी तिचा गोळा होत नसे, मुठीतून सुटायची. पाऊस पडून तासाभरात वर चाललं तर पायाला चिखल लागत नसे, पाणी खाली निघून जायचं. माती संपली की पिवळट मुरूम. आम्ही बायका घराची जमीन करायला तो टोपलीनं आणायचो. मुरमाखाली खडक. उतरत खाली आलं की माती वीतभर व्हायची आणि तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसायचे. गवतही तसंच बदलायचं. वर नुसतं कुसळ, लुगड्याला शिवल्यासारखं चिकटणारं. मध्ये पवना. पायथ्याला मारवेल. गवत बघून खाली माती किती आहे ते सांगता यायचं. मी चौथीपर्यंत शिकले, पण यातलं काही शाळेतलं नाही.

हे एकोणीसशे तीसनंतरच्या वर्षांतलं आहे. नेमकं साल मला सांगता येणार नाही. मी अकरा-बारा वर्षांची होते. आमचं गाव सुप्याच्या बाजूचं, जिराईत. माझे वडील बारामतीच्या अंगाला कालव्यावर पाटकऱ्याचं काम करत, लोकांच्या उसाला पाणी सोडायचं. सात-आठ वर्षं ते सणावारालाच घरी आले. शेत थोरले चुलते बघायचे. ते काम सुटलं आणि वडील कायमचे घरी आले. एका घरात दोन कर्ते नांदत नाहीत. वर्षाच्या आत वाटणी निघाली.

आमच्यात रीत अशी, की प्रत्येक प्रतीचे दोन भाग करायचे आणि मोठ्यानं वाटे पाडले की धाकट्यानं आधी उचलायचा. मग मोठा वाटे पाडताना हात आखडत नाही. चुलत्यांनी तांबूळ आणि बरड निम्मी निम्मी केली. माळ मात्र मधून कापला असता तर एकाच्या जनावरांना पाण्यावर जायला वाट उरली नसती. म्हणून त्यांनी एका वाट्यात जवळजवळ सगळी काळी घातली, आणि दुसऱ्यात काळीचा एक तुकडा आणि अख्खा माळ. धाकटा काळी उचलणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

आईला माळ हवा होता. तिच्या चार खिलार गाया होत्या, माहेरहून आलेल्या एका कालवडीच्या वाढलेल्या. माळ गेला तर त्या बाजारात जाणार, हे उघड होतं. कडब्यावर चार गाया पोसतील एवढी काळी कुणाकडेच नव्हती, आणि पाऊस नसला की कडबाही नाही. माळाला दोन पाऊस झाले तरी गवत यायचं. खिलाराचा खूरही मुरमावरच घट्ट राहतो. हे तिनं वडिलांना सांगितलं.

वडील म्हणाले, "गाया काय, गाया परत घेता येत्यात. दगडं घिऊन काय करू?"

"दगडं न्हाईत ती. गवात हाय."

"गवात मानसं खात न्हाईत."

पण वडिलांच्या मनात किडा राहिला असावा. पंच बसायच्या आदल्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं, पहार आणि टोपली घेतली आणि आम्ही माळावर गेलो. उघड जाता येत नव्हतं. भावानं पाडलेला वाटा उकरून बघणं म्हणजे भावाला चोर म्हणणं.

त्यांनी पहिल्यांदा मधल्या उतारावर पहार मारली. ठणकन वाजली. चार पावलं सरकून परत मारली, परत तेच. असं करत ते खाली एका सपाट टप्प्यावर आले. तिथं गवत गुडघ्याच्या वर होतं. पहार पहिल्याच दणक्याला घुसली. मग ते तिथंच बसले आणि हातभर खोल खड्डा केला. माती काळसर निघाली. कालव्यावरच्या शेतकऱ्यांची एक परीक्षा त्यांना ठाऊक होती: खड्ड्यातली माती परत खड्ड्यात लोटायची. खड्डा भरून वर उरली तर जमीन चांगली, खड्डा रिता राहिला तर हलकी. माती चांगली ओंजळभर उरली. थुंकी लावून त्यांनी गोळी केली, ती टिकली.

"हितं गवात असंच असतं का गं?" त्यांनी विचारलं.

"व्हय. कायम दाट."

ते खरंच होतं. पण त्या टप्प्यावर सलग पाच-सहा पावसाळे धनगरांची मेंढरं रात्री बसत होती. ती काळी माती म्हणजे लेंड्या, मूत आणि वरून वाहून आलेला गाळ. वडील तेव्हा कालव्यावर होते. त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. टप्प्याच्या पलीकडे मुरूमच होता. माणूस खड्डा करतो तो पहार जिथं घुसते तिथंच.

घरी येऊन त्यांनी आईला हळूच सांगितलं, "अगं, माळ समदा वाया न्हाय. खालच्या टप्प्याला काळी लागली, हातभर. नांगरला तर काळीच्या बरोबरीनं बसंल. आन एकरं बग किती."

आई दळत होती. तिनं जातं थांबवलं. "कुठल्या टप्प्याला?"

"बोरीच्या खालच्या."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि परत जात्याचा खुंटा धरला. मेंढरं बसवायला धनगराला तिनंच सांगितलं होतं, दर साली त्याला भाकरीही तीच घालत होती. म्हणाली, "तुमाला पटतंय तर घ्या."

दुसऱ्या दिवशी पंच बसले. चुलत्यांनी दोन्ही वाटे सांगितले. वडील उठले आणि म्हणाले, "मी माळाचा उचलला."

मग पंचांतला एक म्हातारा म्हणाला, "का रं, दगडं पेरनार हायस व्हय? उगावली तर मला बी पायलीभर दे."

लोक हसले. चुलते हसले नाहीत. "बाबा रं, तुला काळी मिळावी म्हनून मी वाटं असं पाडलं. परत एकदा इचार कर."

"केलाय दादा."

दाराआडून चुलतीनं आईला टोला मारला, "कालव्याचं पानी डोक्यात शिरलंय जणू भावजींच्या."

"आसंल," आई म्हणाली.

वळवाचा पाऊस झाल्यावर वडिलांनी एक बैलजोडी उसनी आणली आणि चार बैलांचा नांगर माळावर नेला. आई म्हणाली, वरचं राहू द्या, खालचंच बघा. ते म्हणाले, नांगरायचा तर समदा. सपाट टप्पा दुपारच्या आत निघाला, तासं, म्हणजे नांगराच्या रेघा, सुरेख पडली. वडील खूश होते. मग त्यांनी नांगर वरच्या अंगाला घातला. तिसऱ्या तासाला फाळ खडकात अडकला आणि वाकला. पुढचा बैल गुडघ्यावर आला. तो आमचा नव्हता, म्हणून वडील जास्त घाबरले. बैलाला काही झालं नव्हतं. त्यांनी वाकून फाळाखालची माती हातात घेतली आणि मुठीतून सोडली. मग टप्प्यावर जाऊन तिथली घेतली. तिचा मुठीत गोळा झाला. आई भाकरी घेऊन आली होती.

"त्या टप्प्यावर काय हुतं?" त्यांनी विचारलं.

"मेंढरं बसायची."

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी काळी घेतली असती."

मला वाटलं, आता ते तिला मारणार. मारलं नाही. बैल सोडले, भाकरी न खाता खाली गेले. आठवडाभर आईशी बोलले नाहीत, जे हवं ते माझ्याकरवी मागायचे. पण नांगर परत वर नेला नाही.

आईनं केलं ते बरोबर की चूक, मी ठरवलेलं नाही. चुलत्यांच्या घरी ज्वारीची भाकरी असायची आणि आमच्याकडं बाजरी, तीही मोजून. उतारावर नांगरलेल्या त्या तीन तासांची माती पहिल्याच मोठ्या पावसात धुऊन गेली. तिथं नुसते खडे उरले. बाकीचा माळ गवताचा राहिला आणि चारही गाया दावणीला राहिल्या. दोन वर्षांनी पाऊस गेला तेव्हा चुलत्यांनी एक बैल विकला आणि दुसरा आमच्या माळावर चरायला सोडला. आईनं नाही म्हटलं नाही.

चुकीच्या जागी खड्डा केला हे वडिलांनी कुणालाच सांगितलं नाही. त्या साली पारावर लोक म्हणायला लागले, की धाकट्यानं बरोबर ओळखलं होतं. वडील म्हणायचे, "खिलारं हायती आमची. त्यास्नी माळ लागतोच. म्हनून घेतला."

बायका पाणवठ्यावर आईला तेच विचारायच्या. आई घागर डोक्यावर चढवत म्हणायची, "व्हय, त्यांचीच अक्कल ती."