पिळलेले बुश

मासवणहून बोईसरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायकांना आमच्या शेजारची तेजल आपल्या व्हॅनमधून नेते. काटक अंगाची, बोलायला कमी. पण एकदा मनात घेतलं की माघार नाही. गाडी शिकायची म्हणाली तेव्हा सासरचे हसले होते. आता त्याच मंडळींना ती लग्नाकार्याला नेऊन सोडते.

यंदा खड्ड्यांनी व्हॅनची मागची बाजू खिळखिळी केली. वळणावर गाडी डोलायची. लातूरकडच्या सोजराबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "तेजल, तुझी गाडी पुढून बोईसरला निघते अन् मागून मनोरला. कामाला जायचं का काशीला? त्यापेक्षा ठेकेदाराची बस बरी."

त्यांच्या मागे बाकीच्याही जाणार हे तेजलला कळत होतं. मग व्हॅन कोणासाठी चालवायची?

मागचा धुरा गाडीला धरून ठेवणारे लोखंडी दांडे, म्हणजे आर्म, वाकले होते. त्यांच्या टोकांना हादरे गिळणारे रबरी बुश असतात, तेही झिजले होते. तिने जाड, मजबूत आर्म आणले, बुशही सगळे नवे. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. नवरा विनोद तारापूरच्या एका कारखान्यात फिटर. दोघांनी अंगणात गाडी लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवली, चाकं लटकती ठेवून आर्म बसवले आणि विनोदने लांब पान्याने प्रत्येक नट करकचून आवळला.

"आमच्यात ढिला नट म्हंजे गॅस गळती. हातातलं काम पुरं कसूनच सोडायचं."

शनिवारी गाडी डोलली नाही, पण खड्डा आला की मागून आपटायची आणि कुरकुरायची. सोजराबाईंनी कंबर धरली. "आधी झोका होता, आता उखळ झालंय. पुढच्या शनिवारपासून आमची बस."

 घरी आल्यावर तेजलने गाडी चारी बाजूंनी पाहिली. मागची बाजू उगाच उचललेली दिसत होती. पोतं अंथरून ती खाली सरकली. बुशाचं रबर ओला कपडा पिळावा तसं पिळलेलं होतं, आणि एकाला तर चीरच गेली होती.

"आपण गाडी टांगलेली असताना नट कसले," तिने विनोदला खाली बोलावून दाखवलं. "रबर तिथंच पकडलं गेलं. वजन पडल्यावर आर्म वर गेला, रबर बिचारं कसं जाईल?"

"म्हंजे मी चुकीचं कसलं?"

"कसलं बरोबर. वेळ चुकली."

"पंधरा वर्षं फिटर हाय मी."

"पाइपला काय, तो बसलेलाच असतो. ही गाडी उठबस करते."

विनोद हसला. "बरं. तू सांग, मी आवळतो."

"नाय. या खेपेला मीच आवळते."

पुढच्या शुक्रवारी धर्मेशच्या गॅरेजात फाटलेला बुश दाबयंत्रावर, म्हणजे प्रेसवर, काढून नवा बसवला. मग आर्मचे सगळे नट सैल करून व्हॅन चाकांवर, गाडीखाली उतरून काम करायच्या तिथल्या खड्ड्यावर उभी केली आणि तेजलने सोजराबाईंना फोन लावला. "मावशी, सगळ्यांना घेऊन या. नुसतं गाडीत बसायचंय."

"सुट्टीच्या दिवशी? डोकं फिरलं का गं?"

पण आल्या. रोजच्या जागांवर बसल्या. गाडी रोजच्यासारखी दबली, तेव्हा खड्ड्यात उतरून तेजलने एकेक नट आवळला.

"बया, आमी वजनमापं झालो की," सोजराबाई वरून म्हणाल्या. "उतरू का आता?"

"हलू नका. दोन राहिलेत."

मग तिने सगळ्यांना तशाच नदीपलीकडच्या वळणावर नेलं. आधाराला समोरच्या सीटची दांडी कुणी धरली नाही. पुढचा खड्डाही न आपटता गेला. सोजराबाई पदराने वारा घेत होत्या.

"उद्या हॉर्न वाजवत बसू नको," त्या म्हणाल्या. "मी दारातच उभी राहीन."