धुराचा बर्फ

"आईचा जीव गटारात ओतलास तू, बाबा!"

"आवाज खाली! बर्फ मना शिकवतेस? चाळीस वर्षं मासळी टिकवलीय मी बर्फात."

"मासळी नव्हती ती! आईच्या मेंदूतली गाठ होती!"

भावनाने तराजू भिरकावला. कोलशेतच्या त्या घरातल्या कपाटाचा आरसा फुटला. पंढरीने पोरीच्या कानाखाली वाजवली.

दहा दिवसांपूर्वी नौपाड्याच्या इस्पितळात भावनाच्या आईचं, जयाचं, डोकं उघडून गाठ काढली होती. त्या गाठीतूनच जयापुरती एमआरएनए लस बनवून बघायची, म्हणजे शरीरच उरलेल्या गाठीवर तुटून पडेल, असा प्रयोग चालू होता. गुण येईलच असं डॉक्टर म्हणाले नव्हते, पण दुसरं काही उरलंही नव्हतं. अट एकच: तुकडा गोठलेलाच लॅबमध्ये पोचला पाहिजे. भावना आईजवळ थांबली. तुकड्याच्या कुप्या ठेवलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन पंढरी रिक्षात बसला.

अर्ध्या वाटेत झाकणातून पांढरा धूर आला.

असाच धूर त्याने बाविसाव्या वर्षी पाहिलेला. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली आणि थोरला भाऊ शिवराम आत अडकला. पंढरीने पहारीने दार फोडून त्याला ओढून काढलं. तोंडातून रक्ताचा फेस येत होता. शिवराम त्याच्या मांडीवरच गेला. तीच पहार पंढरीने कारखान्याच्या मालकाच्या बरगड्यांत घातली. तीन तुटल्या. दोन वर्षं जेल. पुढे लग्न झालं, मासळीचा गाळा झाला, पण हात तसाच राहिला. गाळ्यावर भांडण झालं की कुणाचा तरी दात पडायचाच. फक्त जया मधे येऊन "बस आता" म्हणाली की तो बसायचा.

त्या दिवशी रिक्षात तो "गॅस हाय, गॅस!" म्हणून ओरडला. डब्यातला धुराचा बर्फ गटारात ओतला, कुप्या गाळ्यावर नेल्या, डब्यात स्वच्छ चुरा बर्फ ठासला आणि लॅबमध्ये देताना वर सांगितलं, "नवा बर्फ घातलाय. ताजं राहील."

लॅबचा फोन आज आला.

"सुका बर्फ होता तो, बाबा. धूर येणारच! तुझ्या साध्या बर्फात तुकडा वितळला. लस बनणार नाही, आणि डोकं पुन्हा उघडता येत नाही."

"मना सांगितलं कोणी? त्या डॉक्टरला तोंड नव्हतं?" पंढरीने कोयता उचलला.

"मार! त्या मालकाला मारलंस तसं मार मला!"

कोयता उतरला तो कोपऱ्यातल्या मासळीच्या बर्फाच्या पेटीवर. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या घावाला पातं निसटलं आणि त्याचा डावा तळवा फाटला. चुरा लाल झाला.

गोळ्यांच्या गुंगीतून उठून, भिंत धरत जया दारात आली. डोक्याला पट्टी.

"बस आता."

तो बसला. तिने पदर फाडून त्याचा हात बांधला.

"कशाला मारामारी, पोरीशी? बरी होईन मी." मग गाठ आवळत तिने विचारलं, "अवो, माजी लस कवा येल?"

भावनाने तोंडावर हात दाबला. पंढरीने जयाच्या हातातून हात सोडवला, उठला, आणि आरशाच्या काचांवरून अनवाणीच बाहेर निघून गेला.