झिपरूबाबांच्या कोंडवाड्यातला कॅमेरा

आमच्या खात्यात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते बुटांना चिखल लागावा तसे लागून येतात. एका मोठ्या फुग्याला कॅमेरा बांधून ढगांच्याही वर सोडायचा. तिथून तो ताऱ्यांची उष्णता टिपतो आणि पॅराशूटनं खाली येतो. कुठे, ते वाऱ्याच्या मर्जीवर. त्या एप्रिलात तो नंदुरबार जिल्ह्यात उतरला. त्यात आमच्या कुलकर्णी मॅडमची सहा वर्षांची मेहनत होती. कुणी कॅमेऱ्याचा सीलबंद डबा उघडला असता, तर सगळं मातीत!

*

त्याच्या शोधात निघालो. विसरवाडीला चहा घेताना हॉटेलवाल्यानं चौकशी केली. उष्णता दिसणारा कॅमेरा आहे, म्हटलं.

"मंग भिंतमागला मानूस बी दिसस का?"

"नाही हो," मी म्हणालो.

त्याला पटलं नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "तरी जीपनं तोंड तिकडे करा."

*

डब्याचा सिग्नल पकडायला जीपवर भलामोठा अँटेना. आम्ही गावात शिरलो की विजेच्या तारांवरचे चोरीचे आकडे पटापट उतरायचे. एकजण बांबूसकट समोरच सापडला.

आम्ही काही विचारण्याआधीच म्हणाला, "पतंग काढी ऱ्हायनू."

ऐन एप्रिलात पतंग!

*

डब्यावर आम्ही मराठीत पाटी चिकटवली होती: 'वैज्ञानिक उपकरण. घाबरू नये.'

शहाद्याजवळ डबा पडला होता त्या गावी पोचलो, तर सरपंच म्हणाले, "डबा पडना तधळ कोनी घाबरनं नही. पाटी वाचनी, मंग पळनात."

*

डबा होता कोंडवाड्यात. शेतात मोकाट काही सापडलं की तिथेच जातं, अशी गावची रीत. किल्ली तिथले राखणदार झिपरूबाबांकडे. त्यांनी डबा गोणपाटानं झाकून ठेवलेला, कुणाला दाखवेनात. मॅडमनी ओळखपत्र पुढे केलं.

"कारड कोनी बी छापस. खून सांगा."

गाय सोडवायला आलेल्याला तिच्या अंगावरची खूण विचारतात, तसं! मॅडम संतापल्या. मग म्हणाल्या, "मागच्या झाकणाला डावीकडून चौथा स्क्रू. ढिला होऊ नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिश लावलंय."

बाबा आत गेले, गोणपाट उचलून पाहिलं आणि कुलूप काढून दिलं. सील शाबूत होतं. मॅडम डब्यावर हात ठेवून रडल्या.

मला मात्र राग आला होता. म्हटलं, "बाबा, माणसावर इतका संशय?"

"सकायले दोन जन जीपमा उनात. त्यासनी बी तुमनाच खात्यानं कारड दखाडं. खून सांगता उनी नही."

आमच्या खात्यानं पाठवलेली जीप एकच होती. आमची.