धावपट्टीजवळचे कावळे

गावाजवळची छोटी धावपट्टी वाढवायची आहे, म्हणून शाळेत जनसुनावणी होती. पक्ष्यांमुळे विमानांना धोका असतो, ते हटवावे लागतील, असं साहेबांनी सांगितलं. शेजारच्या यमुनाकाकू उठल्या.

"कावळेसुद्धा? मग आमच्या दहाव्याच्या पिंडाला कोण शिवणार? तुम्ही?"

सगळे हसले, साहेबही. मला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात पत्नीच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत दुपार झाली होती. तिची कुठली इच्छा राहिली असेल, हे तेवढा वेळ मी आठवत उभा होतो. एरवी कधी आठवलं असतं?

"हरकत लेखी द्या," साहेब म्हणाले.

काकूंना लिहिता येत नाही. मी लिहिलं, कावळे राहू द्यावेत. अर्जात पुढे कारण विचारलं होतं. गेलेल्या माणसाची इच्छा कळायला आमच्याकडे दुसरं कोणी नाही, असं लिहिलं आणि खाली काकूंचा अंगठा घेतला.